कोपणाऱ्या देवाचे भक्त

धर्मामुळे मनाला इजा होते का, असं विचारलं की आपल्याकडे लगेच दोन फळ्या पडतात. श्रद्धेवरच माणूस तगतो, असं एक म्हणते. धर्म म्हणजे अफू, असं दुसरी. वाद रंगतो आणि प्रश्न होता तिथेच राहतो. मानसशास्त्राचंही सुरुवातीला असंच झालं. फ्रॉइडने १९०७ मध्ये धार्मिक कर्मकांड आणि मंत्रचळ यांतलं साम्य दाखवून धर्माला जवळपास आजारीच ठरवलं. त्याआधी पाच वर्षं विल्यम जेम्सने मात्र एकाच धर्मात निरोगी मनाने रमणारे आणि पापाच्या जाणिवेने पोखरलेले, असे दोन्ही जीव कसे नांदतात ते दाखवलं होतं. फ्रॉइड वाचायला जास्त चुरचुरीत; कामाला येतो तो जेम्स.

जेम्सचा धागा पुढे नेला तो अमेरिकेतल्या केनेथ पार्गामेंट यांनी. माणूस देव मानतो की नाही, एवढ्यावर ते थांबले नाहीत. संकटात तो त्या देवाशी कसा वागतो, ते त्यांनी तपासलं. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात पंचावन्नच्या पुढचे ५९६ रुग्ण होते. देवाने मला टाकलं का, त्याचं माझ्यावरचं प्रेम आटलं का, हे दुखणं सैतानाने लावलं का, असे विचार ज्यांना छळत होते, त्यांचा पुढच्या दोनेक वर्षांत मृत्यू होण्याचा धोका १९ ते २८ टक्क्यांनी जास्त दिसला. मूळ आजार किती गंभीर होता आणि मन किती खचलेलं होतं, हे जमेस धरूनही. म्हणजे घात देव मानण्याने झाला नव्हता. देव आपल्यावर उलटला, या समजुतीने झाला होता.

आपल्याकडे ही समजूत घरोघरी तयार असते. गेल्या जन्मीचं पाप, कुलदैवताची राहिलेली ओटी, पितरांचा दोष. मूल आजारी पडलं की बाईला आधी विचारलं जातं, काही चुकलं का? दुखण्याचा सगळा हिशेब दुखणाऱ्याच्याच खात्यावर मांडायचा ही पद्धत, आणि माझ्या मते धर्मातून मनाला होणाऱ्या इजेचं मूळ बरंचसं इथे आहे.

जट हे त्याचं ढळढळीत उदाहरण. केसांचा गुंता होतो, तेल-कंगवा न लागल्याने तो वाढतो, आणि कुणीतरी सांगतं की देवी आली. मग कंगवा लावायचा नाही, कापायचं तर नावच नको. यल्लम्माच्या नावाने कित्येक बायकांनी असं ओझं वर्षानुवर्षं डोक्यावर वागवलं. मान दुखते, नीट झोप लागत नाही, उवा होतात. जट काढणारे अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते सांगतात की कात्रीचं काम थोडंच असतं, बोलणंच फार. बाईला स्वतःची भीती नसते. जट कापली आणि नवऱ्याला किंवा पोराला काही झालं तर? त्या ‘तर’वर कुठलीच कात्री चालत नाही. शिवाय घरात पुढे कधीही कुणी आजारी पडलं की बोट तिच्याकडेच वळणार, हेही तिला पक्कं ठाऊक असतं.

या भीतीचा दुसरा अवतार धर्माच्या जाणकारांनी डॉक्टरांच्या कितीतरी आधी ओळखला होता. जेझुइट संघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला १५२२ मध्ये स्पेनमधल्या मानरेसा इथे राहत असताना केलेल्या पापांची पुन्हा पुन्हा कबुली देत राहिला. प्रत्येक कबुलीनंतर काहीतरी सांगायचं राहिलंच असं वाटे. जीव द्यावा इथवर मजल गेली. जुनी पापं आता उगाळू नकोस, असं धर्मगुरूने बजावलं, तरी सुटका व्हायला वेळ लागला. कॅथलिक परंपरेत या पीडेला स्वतंत्र नाव आहे. मुसलमान घरांत वजू झाली की नाही या शंकेने हातपाय पुन्हा पुन्हा धुणाऱ्याला वसवसा झाला म्हणतात. आपल्याकडे मात्र सोवळं टिकवायला सतत हात धुणारी आजी ‘फार कडक’ म्हणून कौतुकाला पात्र होते. मंत्रचळ धर्म निर्माण करत नाही, तो नास्तिकालाही होतो. धर्म त्याला विषय पुरवतो आणि कधी कधी प्रतिष्ठाही.

आता उलट बाजू. तमिळनाडूतल्या मुथुस्वामी मंदिरात येऊन राहणाऱ्या मनोरुग्णांचा अभ्यास बंगळुरूच्या रघुराम आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मांडला. रुग्ण ३१, सरासरी मुक्काम सहा आठवडे. सोबत घरचं माणूस, सकाळची पूजा, आवारातली हलकी कामं. औषध नाही, मारझोड नाही. लक्षणं जवळजवळ २० टक्क्यांनी उतरली. त्याच तमिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्याजवळ खासगी आसरागृहं चालत. स्वप्नात आज्ञा झाली की घरी जायचं, या आशेवर घरचे लोक रुग्णाला तिथे ठेवत आणि चालक त्याला साखळीने बांधत. ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे आग लागली. बांधलेल्यांना पळता आलं नाही. २८ जण गेले. दोन्हीकडे श्रद्धा होती. एका जागी माणूस मोकळा होता, दुसरीकडे बांधलेला. साखळी दरवेळी लोखंडाचीच असते असंही नाही.

अशा न दिसणाऱ्या साखळीबद्दल जपानने अलीकडे, उशिरा आणि फार मोठी किंमत मोजून ऐकलं. ८ जुलै २०२२ रोजी माजी पंतप्रधान शिंझो आबे यांना गोळी घालणाऱ्याच्या आईने युनिफिकेशन चर्च या धर्मपंथाला सुमारे दहा कोटी येन दिले होते आणि घर दिवाळखोरीत गेलं होतं. त्या रागातून झालेल्या हत्येचं समर्थन होऊच शकत नाही. पण त्यानंतर ‘धर्मातली दुसरी पिढी’ म्हणवणारी मुलं बोलू लागली: वाढदिवस नाही, मित्र नाहीत, शंका काढली की नरकाची धमकी. हा धर्म त्यांनी निवडला नव्हता, त्यात ती जन्मली होती. त्याच वर्षाच्या डिसेंबरात सरकारने मार्गदर्शक सूचना काढल्या. मुलाला नरकाची भीती घालून धर्मकृत्यांना जुंपणं हा मानसिक छळ मानला गेला. नरकाच्या वर्णनांवर वाढलेल्या कुठल्याही समाजाने हे वाक्य दोनदा वाचावं. मार्च २०२५ मध्ये टोकियोच्या न्यायालयाने त्या चर्चची धार्मिक संस्था म्हणून असलेली मान्यता काढण्याचा आदेश दिला.

मोठ्या माणसाने निघून जावं, असं म्हणणं सोपं आहे. जायचं कुठे? बायको, सोयरे, गिऱ्हाईक, शेजार, सगळं त्याच वर्तुळात. मुंबई राज्याने १९४९ मध्ये समाजातून वाळीत टाकण्यावर बंदी घातली. तिला दाऊदी बोहरांचे धर्मप्रमुख सय्यदना यांनी आव्हान दिलं आणि १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने धर्मस्वातंत्र्याच्या नावाने तो कायदा रद्द केला. सरन्यायाधीश सिन्हा एकटे विरोधात राहिले; बहिष्कृत माणसाची मानवी प्रतिष्ठाच हिरावली जाते, असं त्यांचं म्हणणं होतं. जातपंचायतींच्या छळाच्या तक्रारी वाढल्यावर महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध वेगळा कायदा केला, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंडाच्या तरतुदीचा. १९६२ चा निकाल फेरविचारासाठी २०२३ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपवला गेला. दरम्यानच्या साठ वर्षांत वाळीत पडलेल्या सुधारक बोहरांना मेलेल्या माणसाला पुरायचं कुठे, हा प्रश्न सोडवायला स्वतःची वेगळी दफनभूमी शोधावी लागली.