ग्राहक-संस्थांचा पैसा येतो कोठून?

बियाण्याची पिशवी विकत घेतांना शेतकरी हा गिऱ्हाईकच असतो. ही गोष्ट साधी दिसते. परंतु ती न्यायालयांत ठाम होण्यास सन २०१२ उजाडावें लागलें. आंध्र प्रदेशांतील शेतकऱ्यांनीं नॅशनल सीड्स कॉर्पोरेशन या केंद्र सरकारच्या कंपनीचें बियाणें सदोष निघाल्याची तक्रार ग्राहक-मंचापुढें नेली. कंपनीचें म्हणणें असें कीं, हा व्यापारी व्यवहार, सबब शेतकरी ग्राहक नव्हत. शिवाय बियाण्याचा नमुना प्रयोगशाळेंत तपासलेला नाहीं. सर्वोच्च न्यायालयानें हें मान्य केलें नाहीं. शेतकरी आणलेलें सारें बियाणें पेरून मोकळा होतो. तपासणीसाठीं मूठभर राखून ठेवण्याची अपेक्षा त्याच्याकडून कशी करावी? उलट १९६८ च्या बीज-नियमांप्रमाणें विक्रेत्यानें प्रत्येक लॉटचा हिशेब तीन वर्षें ठेवावयाचा असतो. लॉट संपल्यावर वर्षभर नमुनाहि. तो पुढें आणणें कंपनीच्याच हातीं होतें.

असे लढे वर्षानुवर्षें चालतात. एकटा शेतकरी ते चालवूं शकत नाहीं. पाठीशीं संस्था लागते, आणि संस्थेला पैसा लागतो. १९६० सालीं हेग येथें पांच देशांच्या ग्राहक-संस्थांनीं आंतरराष्ट्रीय संघटना स्थापिली. सधन देशांतील अशा कित्येक संस्था मालाच्या तुलनात्मक तपासण्या करून मासिकें काढतात, व वर्गणीदारांच्या पैशावर चालतात. गरीब देशांत असें मासिक विकत घेणारे थोडे. म्हणून तेथील संस्थांना अनुदानाकडे पाहावें लागतें.

आपल्या देशानें यासाठीं जी युक्ति काढली ती ध्यानांत घेण्याजोगी आहे. कारखानदार मालावर अबकारी कर भरी व तो किंमतींत धरून गिऱ्हाइकाकडून वसूल करी. पुढें कर जास्त घेतला गेला असें ठरलें, तर परतावा कोणास द्यावा? कारखानदारास दिला तर त्याला तोच पैसा दोनदां मिळतो. आणि ज्यानें खरोखर भार सोसला तो साखरेचा किंवा सिमेंटचा गिऱ्हाईक गांवोगांवीं विखुरलेला. १९९१ च्या दुरुस्तीनें ठरलें कीं, भार दुसऱ्यावर टाकला नाहीं असें जो दाखवूं शकत नाहीं, त्याचा परतावा ग्राहक कल्याण निधींत जमा व्हावा. १९९६ सालीं मफतलाल इंडस्ट्रीजच्या खटल्यांत नऊ न्यायाधीशांच्या पीठानें यामागील तत्त्व उचलून धरलें. २०१७ च्या वस्तु व सेवा कराच्या कायद्यांतहि कलम ५७ अन्वयें हा निधि आहे.

या निधींतून तीन वर्षें ग्राहकहिताचें काम केलेल्या नोंदणीकृत संस्थांस अनुदान मागतां येतें. १९९२ च्या मूळ नियमांत गांव-पातळीवरील ग्राहकांच्या सहकारी संस्थाहि धरल्या होत्या. त्याच नियमांत तक्रारदाराचा खटल्याचा खर्च भरून देण्याची सोय होती, परंतु ती अंतिम निकालानंतर! निकालापर्यंतचा खर्च कोणीं सोसावा, हा प्रश्न उरतोच. दुसरी अडचण नाजूक आहे. वरच्या खटल्यांत प्रतिपक्ष सरकारचीच कंपनी होती. अनुदानावर पोट असलेली संस्था अशा वेळीं किती निर्भयपणें बोलेल? नियमांत तिचें तोंड बांधलेलें नाहीं हें खरें. तथापि पुढील हप्त्याची काळजी माणसाला मवाळ करिते.

म्हणून आम्हांस मुंबई ग्राहक पंचायतीची रीत अधिक भरंवशाची वाटते. १९७५ सालीं स्थापन झालेल्या या संस्थेनें घरोघरचें मासिक वाणसामान एकत्र खरेदी करून सभासदांत वांटण्याची पद्धत उभारली. अशा संस्थेचें बळ तिच्या सभासदांतच असतें. बियाणें व खत एकत्र खरेदी करणाऱ्या आपल्या मंडळींनींहि तीन वर्षांचे हिशेब व तक्रारींची वही नीट ठेवल्यास, पुढें अनुदानाचा अर्ज करावयाचा कीं नाहीं हें त्यांचें त्यांना ठरवितां येईल.

दरम्यान, दिलेली किंमत पांच लाख रुपयांपर्यंत असल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करण्यास फी पडत नाहीं. पावती, रिकामी पिशवी आणि तिच्यावरील लॉट-नंबराची चिठ्ठी मात्र पीक घरीं येईपर्यंत जपून ठेवावी.