घाटमाथ्यावर बॅटरी काठोकाठ भरू नका

एका वाचकांचा बेत असा: सुट्टीत भाड्याची इलेक्ट्रिक गाडी घ्यायची, पुण्याहून महाबळेश्वर, तिथून आंबेनळी घाटाने पोलादपूर आणि पुढे गणपतीपुळे. प्रश्न असा: महाबळेश्वरला हॉटेलवर रात्रभर चार्जिंगला लावून शंभर टक्के करूनच निघावं ना?

नको. नव्वदला प्लग काढा.

महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून साधारण १३५० मीटर उंच, तर पोलादपूर घाटाच्या पायथ्याशी. माणसं-बॅगांसकट १८०० किलोची गाडी तेराशे मीटर खाली उतरते तेव्हा सहा युनिटांहून थोडी जास्त ऊर्जा मोकळी होते. युनिट म्हणजे आपल्या वीजबिलातलंच. पेट्रोलची गाडी ती ब्रेक तापवण्यात आणि इंजिन गुरगुरवण्यात घालवते. इलेक्ट्रिक गाडीत पाय उचलला की मोटरच जनित्र होते. टायरचं घर्षण, हवा आणि वाटेतली गळती वजा जाता तीनेक युनिटं बॅटरीत परत येतात. सपाट रस्त्यावर तेवढ्यात वीसेक किलोमीटर जाता येईल. पण बॅटरीत जागा हवी. ती नसेल तर अनेक गाड्या मोटरचा हा रोध जवळजवळ बंद करतात, सगळा भार साध्या ब्रेकवर येतो आणि हाताला सवय नसलेली गाडी पहिल्याच उतारावर सुसाट वाटू लागते.

शेवटचे टक्के भरायला वेळही फार लागतो. कारण आत आहे: बॅटरीच्या ऋण टोकाला बहुधा ग्रॅफाइट असतं, म्हणजे पेन्सिलीच्या शिशातलंच. कार्बनचे पापुद्रे एकावर एक, आणि चार्ज होताना लिथियमचे आयन त्यांच्या फटींत शिरतात. पूर्ण भरलेल्या ग्रॅफाइटमध्ये दर सहा कार्बन अणूंमागे एक लिथियम. यष्टी फलाटाला लागली की पहिले पंचवीस जण भराभर चढून बसतात. शेवटच्या पाच जणांना मात्र मागपर्यंत चाचपडत जावं लागतं आणि दारात खोळंबा होतो. लिथियमचंही तसंच. रेटून चढवलं तर आयन आत न शिरता ग्रॅफाइटच्या पृष्ठभागावर धातू होऊन बसतात आणि बॅटरी कायमची खराब होते. म्हणून हायवेवरच्या फास्ट चार्जरवर गाडी स्वतःहूनच ऐंशीच्या आसपास वेग उतरवते. अनेक गाड्यांत १० ते ८० टक्क्यांना जेवढा वेळ लागतो, जवळपास तेवढाच ८० ते १०० ला. ‘इतक्या मिनिटांत चार्ज’ अशा जाहिरातींत बारीक अक्षरांत ‘८० टक्क्यांपर्यंत’ लिहिलेलं असतं, ते याचमुळे.

ग्रॅफाइटचा विषय निघाला की मला रशीद याझामींची आठवण येतेच. मोरोक्कोतल्या फेस शहरात जन्मलेला हा माणूस १९८० च्या सुमाराला फ्रान्समध्ये ग्रनोबलला पीएचडी करत होता. ग्रॅफाइटमध्ये लिथियम भरायला जावं तर तेव्हाचे द्रव इलेक्ट्रोलाइटही सोबत आत घुसत आणि पापुद्रे उकलून टाकत. याझामींनी द्रव बाजूला ठेवून घन पॉलिमर वापरला आणि लिथियम आत जातं, बाहेरही येतं, हे दाखवलं. २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल लिथियम बॅटरीसाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना मिळालं. योशिनोंनी आपल्या नमुना बॅटरीत पेट्रोलियम कोक वापरला होता. तिघेही लायकच, पण एक नोबेल तिघांपलीकडे वाटता येत नाही, आणि त्या नियमापायी ग्रॅफाइटवाला बाहेर राहिला, याचा मला अजून राग आहे. अमेरिकेतले अभियंते २०१४ चं ड्रेपर पारितोषिक देताना याझामींना विसरले नाहीत, एवढंच समाधान.

पुण्यापासून घाटापर्यंतचा हिशेब सोपा आहे. गाडीच्या कागदावरचा पल्ला ज्या चाचणीतून येतो, तिच्यात वेग ताशी ९० च्या पुढे जात नाही आणि बराच वेळ शहरी चालीचाच असतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो: ८० ऐवजी १०० ने गेलात तर दीडपटीहून जास्त. कागदावरच्या आकड्यातून पाव भाग वजा करून थांबे ठरवा. महाबळेश्वरची चढण वेगळी धरा. उतरताना जे मिळणार, त्याहून जास्तच ती घेते.

आणि गाडी घेतानाच विचारून ठेवा, परत करताना किती टक्के भरून हवी. नव्वदच्या वर मागत असतील तर शेवटच्या चार्जरवर चहा नको, जेवणच उरका.