डाळिंबाच्या रसातली कोंबडी

कोंबडीच्या रश्शाला आंबटपणा लागतोच. घाटावर तो दही, टोमॅटो किंवा लिंबाचा असतो, कोकणात कोकमाचा. फळांचा रस म्हटलं की मात्र पुण्यातल्या बऱ्याच घरांत नाकं मुरडली जातात. गोड रस्सा कोण खाणार? पण भाऊबीजेला आलेली मंडळी रात्री जेवायला थांबतात, दही संपलेलं असतं आणि भेट आलेली डाळिंबं-मोसंबी टोपलीत पडून असतात, तेव्हा हा बेत जरूर करून पाहावा. तो आपल्याला वाटतो तितका परका नाही. चरकसंहितेत राजयक्ष्म्याच्या रोग्यासाठी बोकडाच्या मांसाचं सूप सांगितलं आहे. त्यात पिंपळी, सुंठ, जव आणि कुळथाबरोबर डाळिंब आणि आवळाही आहे.

डाळिंबाशी पुण्याचं नातं तर फारच जवळचं. गणेशखिंडीच्या फळबागेत 1936 साली डॉ. चीमा यांनी आळंदीच्या डाळिंबांतून निवडलेलं वाण पुढे ‘गणेश’ या नावाने महाराष्ट्रभर गेलं. मऊ बियांचं आणि गोड. आज मंडईत किंवा मार्केट यार्डात ढीग दिसतात ते बहुतेक ‘भगवा’चे. दाणे गडद लाल, रस भरपूर. सोलापूरच्या डाळिंबाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ही दोन्ही वाणं खायला उत्तम, पण गोडीकडे झुकणारी, म्हणून रश्शात लिंबाची जोड लागतेच.

इराणात ‘फेसेंजान’ नावाचा पदार्थ करतात: डाळिंबाचा आटवलेला रस, अक्रोडाचं वाटण आणि कोंबडी. आपल्या घरात अक्रोड असतीलच असं नाही, दाण्याचं कूट मात्र हमखास असतं. माझ्या मते तेच इथे जास्त शोभतं.

किलोभर कोंबडीला चार मोठी डाळिंबं पुरतात. दाणे मिक्सरमध्ये क्षणभरच फिरवायचे. बिया भरडल्या गेल्या की रस तुरट होतो. मग फडक्यातून गाळून घ्यायचा. साधारण दोन वाट्या रस निघतो. कोंबडीला मीठ, हळद, आलं-लसूण लावून ठेवावं. तेलात कांदा चांगला तांबूस होईपर्यंत परतावा, त्यात तिखट आणि चमचाभर गोडा मसाला घालून कोंबडी परतावी आणि मगच रस ओतावा. मंद आचेवर झाकण ठेवून कोंबडी शिजत आली की दोन मोठे चमचे दाण्याचं कूट घालावं आणि तेल सुटेपर्यंत उघडं आटवावं. शेवटी अर्ध्या लिंबाचा रस. मीठ मात्र चाखूनच वाढवावं, कारण रस आटला की खारटपणाही वाढतो.

भांडं स्टीलचं किंवा कल्हईचं घ्यावं. लोखंडी कढईत डाळिंबातल्या टॅनिनचा लोहाशी संयोग होऊन रस्सा काळपट पडतो. तसा लाल रंग कोणत्याच भांड्यात टिकत नाही. तो देणारी अँथोसायनिन नावाची द्रव्यं उष्णतेने मोडतात, म्हणून रस्सा तपकिरी होतो. ताज्या दाण्यांची मूठ वरून पेरली की रंगाची उणीव भरून निघते. कुकर इथे टाळावा. रसातली साखर तळाशी बसते आणि लागते, आणि एकदा करपट वास आला की काहीच उपाय नाही.

मोसंबीचा मोह होतो, पण तिचा रस काढून ठेवला किंवा उकळला की कडू होतो. रसातल्या आम्लामुळे त्यात लिमोनिन हळूहळू तयार होतं आणि उष्णतेने ते काम लवकर होतं. ज्यूसवाले मोसंबी गिऱ्हाइकासमोरच पिळतात, त्यामागे हेही एक कारण आहे. संत्र्यातही हा गुण आहे. म्हणून ही फळं वापरायचीच तर भांडं उतरवल्यावर ताजा रस पिळावा, पांढरी साल त्यात येऊ देऊ नये.

अननसाची गोष्ट वेगळी. कच्च्या अननसाच्या रसात ब्रोमेलेन नावाचं विकर असतं, ते प्रथिनं तोडतं. कबाबाला कच्ची पपई लावतात तेही याच कारणाने. पुरंदरच्या अंजिराच्या चिकातही असाच गुण असतो. ताज्या अननसाच्या रसात कोंबडी अर्ध्या तासापेक्षा जास्त मुरवली तर ती लगदा होते. रस उकळून गार करून वापरला तर ती भीती राहत नाही. डब्यातला रस आधीच तापवलेला असतो. त्याने मांस मऊ होत नाही, पण चवीला चालतो. फक्त डब्यावर साखर किती लिहिली आहे ते वाचावं. वरून साखर घातलेला रस असेल तर अर्धा रस, अर्धं पाणी, आणि आंबटपणासाठी थोडी चिंच.

या रश्शाबरोबर आंबेमोहोराचा गरम भात हवा, पोळीत त्याची मजा नाही. बाजूला कच्चा कांदा, आणि तिखट खाणाऱ्यांसाठी मिरचीचा ठेचा. उरलेला रस्सा दुसऱ्या दिवशी दाट होतो. तो तापवताना गरम पाणीच घालावं, आणखी रस नको.