डिक्कीवरचं झाकण आणि चोराची नजर

शनिवारी मध्य प्रदेशातल्या सौसरजवळच्या जामसावळीला पार्किंगमध्ये चहा घेत उभा होतो. एक हॅचबॅक येऊन लागली. घरचे सगळे उतरले आणि मग डिक्की उघडली गेली. बाईंनी पर्स आत ठेवली, मुलीने टॅब ठेवला, कुणीतरी कॅमेऱ्याची बॅग सरकवली. वर ट्रे बसवला, दोन्ही बाजूच्या दोऱ्या हुकात अडकवल्या, डिक्की दाणकन आपटली. "आता टेन्शन नाही," म्हणत मंडळी निजलेल्या हनुमानाच्या दर्शनाला निघाली. कोणती वस्तू कोणत्या कोपऱ्यात आहे, हे तोवर मला पाठ झालं होतं. मी चोर नाही, एवढंच त्यांचं नशीब.

या झाकणाला आपल्याकडे पार्सल ट्रे म्हणतात. हॅचबॅकमध्ये ते दाबलेल्या पुठ्ठ्याचं किंवा प्लास्टिकचं, दोन खुंट्यांवर टेकलेलं असतं आणि डिक्कीचं दार उचललं की दोऱ्यांनी सोबत वर येतं. मोठ्या एसयूव्हीत गुंडाळीचा पडदा असतो. तो ओढून पलीकडच्या खाचेत अडकवायचा, सोडला की स्प्रिंगने परत आत. अनेक गाड्यांच्या सगळ्यात स्वस्त मॉडेलमध्ये हा ट्रे येतच नाही. मग शोरूमवाला किंवा बाजारातला ॲक्सेसरीवाला तो गळ्यात मारतो. नागपूरच्या एका दुकानदाराने मला सांगितलं होतं, "भाऊ, हे लावून घ्या, चोराच्या बापाले बी काही दिसत नाही."

दिसत नाही, हे खरं. गडबड पुढे होते. दिसत नाही म्हणजे नेता येत नाही, असं आपण समजून चालतो. ट्रेला कुलूप नसतं, कडी नसते. काच फुटली की तो एका हाताने उचलता येतो. उपयोग होतो तो एकाच जातीच्या चोराविरुद्ध. रांगेतल्या गाड्यांच्या काचांतून डोकावत चालणारा चोर कुठे थांबायचं हे काही सेकंदांत ठरवतो. लॅपटॉपची बॅग दिसली तर थांबतो, काळा सपाट ट्रे दिसला तर बहुधा पुढच्या गाडीकडे जातो. काच फोडायची म्हणजे आवाज आला, धोका आला. आत काय आहे हे माहीत नसताना तो पत्करायला बहुतेक जण तयार नसतात. पण तुम्ही सामान ठेवताना जो आधीच पाहत उभा आहे, त्याच्यापुढे ट्रेचं काही चालत नाही. म्हणून सामान झाकायचं ते घरून निघताना, नाहीतर वाटेत पेट्रोल पंपावर. मुक्कामी पोचल्यावर चारचौघांसमोर झाकणं म्हणजे पत्ता लिहून देण्यासारखं आहे.

काहींचं म्हणणं याच्या बरोबर उलट. "झाकलं की चोराला कळतं, आत काहीतरी आहे." हे अर्धं खरं आहे, आणि मला वाटतं सगळ्या विषयाची मेख इथेच आहे. मागच्या सीटवर टॉवेल पसरलेला, त्याखाली चौकोनी उंचवटा, हे खरोखरच बोलावणं आहे. कारखान्यातून बसवून आलेला ट्रे मात्र काहीच बोलत नाही, कारण डिक्की रिकामी असतानाही तो तसाच असतो. त्याची सगळी ताकद या रोजच्या असण्यात आहे. एक दिवस काढून ठेवला आणि त्या जागी चादर टाकली, की ती ताकद गेली. आमच्या भागात तो काढला जातोच. संत्र्याचे क्रेट आले की ट्रे आड येतो, मग तो कपाटामागे जातो आणि तिथेच राहतो. सामान उंच असेल तर तसाही तो बसत नाही. सात सीटच्या बऱ्याच गाड्यांत तिसरी रांग उभी असताना पडदा लावायला जागाच उरत नाही. सीएनजीची एकच मोठी टाकी डिक्कीत असेल, तर झाकायचं सामान मागच्या सीटवर येऊन बसतं.

"त्यापेक्षा काळी फिल्म लावतो" हा सल्ला पारावर हमखास मिळतो. २७ एप्रिल २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने काचांवरच्या काळ्या फिल्मविरुद्ध आदेश दिला. त्याला आधार होता केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम १०० चा. पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे. म्हणजे हॅचबॅकची डिक्की जिच्यातून दिसते, ती मागची काचच कायद्याने सगळ्यात स्वच्छ हवी. आतून झाकणं हा सरळ मार्ग उरतो तो यामुळे.

सेडानवाल्यांचा तोरा वेगळा असतो. "आपली डिक्की वेगळी, पत्र्याची." बाहेरून काही दिसत नाही, एवढा मुद्दा त्यांचा. पण अनेक सेडानमध्ये ड्रायव्हरच्या सीटपाशी डिक्की उघडायचा खटका असतो, आणि काहींची मागची सीट पुढे पाडता येते. आत हात शिरला की डिक्कीही उघडली. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात चोर मागची काच फोडून सीट पाडतात आणि डिक्कीत डोकावतात. २०२१ च्या अखेरीस तिथे काही लोक गाडी लावून डिक्की सताड उघडी ठेवून जाऊ लागले होते, बघा बाबांनो, काही नाही, काच तेवढी फोडू नका म्हणून. काही जुन्या सेडानमध्ये त्या खटक्याला किल्ली लावायची सोय असायची. ती कुणी वापरताना मी पाहिलं नाही.

आता माझं स्वतःचं. आईच्या तपासण्यांसाठी नागपूरला गेलो होतो. बोरगाव-सौसरच्या माणसाला मोठा दवाखाना म्हणजे नागपूरच, राज्य कुठलं का असेना. गल्लीत गाडी लावली. नंबर प्लेट एमपी २८, म्हणजे परगावची गाडी, दिवसभर हलणार नाही हे कुणीही ओळखावं. ट्रे घरी कपाटामागे होता. डिक्कीत जुन्या लॅपटॉपची बॅग आणि वर चादर. चालता चालता मागे न बघता रिमोट दाबला. रात्री बोरगावला सामान उतरवताना चादर घडी घालून ठेवल्यासारखी बाजूला होती आणि बॅग नव्हती. एकही काच फुटलेली नव्हती. गाडी लॉक झालीच नव्हती! ट्रे असता तर बॅग वाचली असती का, कुणास ठाऊक. पण उघड्या दारापुढे ट्रेची चर्चा करण्यात अर्थ नव्हता, हे कळलं. आता इंडिकेटर लुकलुकले तरी मी हँडल ओढून बघतो. बायको हसते.

त्या रात्री शेजारचे एक काका म्हणाले, "चोरी महाराष्ट्रात झाली, इथलं ठाणं लिहून घेणार नाही." हाही मोठाच गैरसमज, आणि सीमेवरच्या गावांना सगळ्यात महागात पडणारा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ सांगतं की दखलपात्र गुन्ह्याची माहिती कोणत्याही ठाण्यात देता येते, गुन्हा कुठेही घडलेला असो. यालाच झिरो एफआयआर म्हणतात. तो नोंदवून ज्या ठाण्याची हद्द आहे तिकडे पाठवला जातो. तक्रार ऑनलाइन पाठवली तर तीन दिवसांच्या आत त्यावर सही करावी लागते. आमच्याकडेच २०२३ मध्ये छिंदवाड्यातून पांढुर्णा जिल्हा वेगळा झाला. हद्दी अशा सरकत राहतात, पण कागद घेऊन ठाण्याठाण्यांत हिंडणं तक्रारदाराच्या नशिबी असू नये, एवढी सोय कायद्याने केली आहे.

विम्याचंही असंच. "फुल इन्शुरन्स आहे ना" म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांनी पॉलिसी वाचावी. फुटलेली काच गाडीचा भाग, तिची भरपाई अटींनुसार मिळते. आतला लॅपटॉप, पर्स, साडी हे गाडीचे भाग नव्हेत. वैयक्तिक सामानासाठी वेगळं जोड-कव्हर घ्यावं लागतं आणि त्यातही रोख रक्कम व धंद्याचा माल सहसा धरत नाहीत. दावा करायचा तर पोलिसांकडे केलेली नोंद लागते.

मग ट्रे घ्यावा का? घ्यावा, पण चोराचं कारण दुसऱ्या नंबरला ठेवून. आमच्याकडच्या उन्हात ट्रेमुळे डिक्कीतल्या सामानावर थेट ऊन पडत नाही, भाज्या आणि पुस्तकं टिकतात. मात्र सावली झाली म्हणजे गारवा झाला, असं नाही. हॅचबॅकची डिक्की आणि आतली बैठक यांची हवा एकच. उन्हात लावलेल्या गाडीत ट्रेखाली ठेवलेलं इन्सुलिन खराब होऊ शकतंच.

सगळ्यात धोकादायक समज मात्र चोरीशी संबंधित नाही. ट्रे म्हणजे सामान ठेवायचं फडताळ, हा तो समज. एकेकाळी लोक ट्रेला भोकं पाडून सहा बाय नऊचे ओव्हल स्पीकर बसवत. चोरालाही दिसत आणि ट्रेचं वजनही वाढे. आता स्पीकर गेले, छत्री, पाण्याच्या बाटल्या, पिशवीतली संत्री आली. हिशेब साधा आहे. ५० किलोमीटरच्या वेगातली गाडी आदळून अर्ध्या मीटरच्या अंतरात थांबली, तर आतली प्रत्येक वस्तू थांबवायला तिच्या वजनाच्या सुमारे २० पट जोर लागतो. एक लिटरची बाटली म्हणजे त्या क्षणी २० किलोचं पोतं. ट्रेवरच्या बाटलीला अडवायला समोर काय असतं? मागच्या सीटवर बसलेल्याची मान. नुसता ब्रेक दाबला तरी संत्री घरंगळत गिअरपर्यंत येतात, हे मी पाहिलंय.

विकत घेताना आपल्याच मॉडेलचा घ्या. "सगळ्यांना बसतो" म्हणतात तो ट्रे कुणालाच धड बसत नाही आणि सातनूरपासून सौसरपर्यंत खडखडत येतो. खुंट्यांच्या जागी फेल्टची पट्टी चिकटवली की आवाज बराच कमी होतो. माझा ट्रे मी कपाटामागून काढला तेव्हा एका दोरीचा हूक तुटलेला निघाला. दुकानात विचारलं, नुसता हूक मिळेल का? नाही म्हणाला, जोडीच घ्यावी लागेल. तूर्तास बुटाच्या नाडीवर काम भागलंय.