पद्धतिनिर्देश व लॅम्डा पदावली

पद्धतिनिर्देश व लॅम्डा पदावली : वस्तुकेंद्री आज्ञावलीलेखनात एखादी क्रिया मूल्याप्रमाणे दुसऱ्या क्रियेच्या हवाली करण्याचे दोन मार्ग. लॅम्डा पदावलीत ती क्रिया नाव न देता जागच्या जागी लिहितात. पद्धतिनिर्देशात (मेथड रेफरन्समध्ये) आधीच लिहिलेल्या पद्धतीकडे केवळ नावाने बोट दाखवितात. ‘लॅम्डा’ ही संज्ञा अमेरिकन गणितज्ञ अलोन्झो चर्च यांनी १९३०–४० या दशकात मांडलेल्या लॅम्डा कलनातून आली. जावा भाषेत हे दोन्ही मार्ग मार्च २०१४ मध्ये आठव्या आवृत्तीबरोबर उपलब्ध झाले.

मुंबईतील वरळी येथे बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२०–३० या दशकात बांधलेल्या बीडीडी चाळींच्या १२१ इमारती होत्या व प्रत्येक इमारतीत साधारणतः ८० खोल्या. या सुमारे ९,६८० खोल्यांची यादी इमारतक्रमाने लावावयाची आहे, असे समजू. क्रम लावणाऱ्या पद्धतीला प्रत्येक खोलीचा इमारतक्रमांक कसा मिळवावा, हे सांगावे लागते. लॅम्डा पदावलीत ते ‘ख -> ख.इमारतक्रमांक()’ असे, तर पद्धतिनिर्देशात ‘खोली::इमारतक्रमांक’ असे लिहितात. दोहोंचे फलित एकच असते. मात्र ‘इमारतक्रमांक ३० पेक्षा अधिक आहे काय’ अशी तुलना करावयाची असून तिच्यासाठी तयार पद्धत नसेल, तर लॅम्डा पदावलीच वापरावी लागते.

पद्धतिनिर्देशाचे चार प्रकार आहेत : वर्गाच्या स्थिर पद्धतीचा, विशिष्ट वस्तूच्या पद्धतीचा, वर्गातील कोणत्याही वस्तूच्या पद्धतीचा (वरील उदाहरण या प्रकारचे आहे) आणि नवी वस्तू निर्माण करणाऱ्या कन्स्ट्रक्टरचा. पद्धतिनिर्देश काय किंवा लॅम्डा पदावली काय, तिला स्वतःचा स्वतंत्र प्रकार नसतो. एकच अमूर्त पद्धत असलेला जो इंटरफेस त्या स्थानी अपेक्षित असेल, त्यावरून तो ठरतो.

पद्धतिनिर्देश हे लॅम्डा पदावलीचे निव्वळ संक्षिप्त रूप आहे, हा समज विशिष्ट वस्तूच्या बाबतीत खरा ठरत नाही. ‘नोंदवही::शोध’ या निर्देशात ‘नोंदवही’ या पदाचे मूल्य निर्देश तयार होतानाच एकदा घेतले जाते. ‘क -> नोंदवही.शोध(क)’ या पदावलीत ‘नोंदवही’ हे वस्तूचे क्षेत्र असल्यास त्याचे मूल्य प्रत्येक वेळी, क्रिया घडताना घेतले जाते. वरळीच्या पुनर्विकासात ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ सदनिकांचा ताबा रहिवाशांना देण्यात आला. अशा स्थलांतरानंतर आज्ञावलीतील त्या क्षेत्रात जुन्या नोंदवहीऐवजी नवी ठेवली, तर लॅम्डा पदावली नव्या नोंदवहीत शोध घेईल; आधी तयार झालेला पद्धतिनिर्देश मात्र जुन्याच नोंदवहीला धरून राहील आणि कोणताही दोष न दर्शविता रहिवाशाचा जुना पत्ता देईल. तसेच ‘नोंदवही’ रिक्त असल्यास पद्धतिनिर्देशात दोष निर्देश तयार होतानाच उघड होतो, लॅम्डा पदावलीत तो क्रिया घडेपर्यंत लपून राहतो.

म्हणून क्रियेला समर्पक नाव असलेली पद्धत उपलब्ध असेल व जिच्यावर ती घडावयाची ती वस्तू बदलणार नसेल, तेथे पद्धतिनिर्देश वाचण्यास सुलभ ठरतो. वस्तू बदलण्याचा संभव असेल, तेथे लॅम्डा पदावली योग्य होय.