पायी चालणाऱ्यांची राजधानी

ल्युब्लियानात आधी जाणवते ती शांतता. स्लोव्हेनियाच्या या राजधानीत भर चौकात उभं राहिलं तरी हॉर्न ऐकू येत नाही. ऐकू येतात ती पावलं, सायकलच्या घंट्या आणि नदीकाठच्या कॅफेंमधली कपबश्यांची किणकिण. २००७ पासून जुन्या शहराचे रस्ते टप्प्याटप्प्याने मोटारींना बंद झाले. ज्यांना फार चालवत नाही, त्यांच्यासाठी ‘काव्हालिर’ नावाच्या छोट्या विजेच्या गाड्या आहेत, त्याही फुकट.

सुरुवात प्रेशेरेन चौकातून करावी. फ्रान्त्से प्रेशेरेन हा इथला राष्ट्रकवी. त्याच्याच कवितेचं एक कडवं आज देशाचं राष्ट्रगीत आहे. १९०५ मध्ये उभारलेल्या त्याच्या पुतळ्याची नजर समोरच्या वोल्फोवा रस्त्यावर खिळलेली असते. तिथल्या एका भिंतीवर, खिडकीच्या चौकटीत, यूलियाची प्रतिमा कोरली आहे. तिच्यावरचं त्याचं प्रेम एकतर्फीच राहिलं. देशाच्या राजधानीचा मुख्य चौक एका कवीला दिलेला पाहून मराठी वाचकाचं मन भरून यावं.

चौकाला लागूनच तीन पूल आहेत, शेजारी शेजारी, पंख्यासारखे उघडलेले. मधला दगडी पूल १८४२ चा. वाढत्या रहदारीला तो अपुरा पडू लागला, तेव्हा वास्तुरचनाकार योझे प्लेच्निक यांनी तो पाडला नाही. त्याच्या दोन्ही अंगांना पायी चालणाऱ्यांसाठी दोन नवे पूल जोडले आणि खाली नदीकडे उतरायला जिने दिले. काम १९३२ मध्ये संपलं. आज मधल्या पुलावरूनही गाड्या जात नाहीत. जुनं राखून माणसांना वाट करून देणं, हीच प्लेच्निक यांची रीत. ल्युब्लियानित्सा नदीचे घाट, बाजाराची खांबांची लांब ओवरी, चांभारांचा पूल, हे सारं त्यांचंच. ल्युब्लियानातल्या त्यांच्या कामाला २०२१ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळालं.

एकच इमारत आतून बघायला वेळ असेल, तर त्यांचं राष्ट्रीय ग्रंथालय बघावं. बाहेरून विटा आणि ओबडधोबड दगड. आत शिरलं की काळोखी जिना, दोन्ही बाजूंना गडद संगमरवराचे ३२ खांब. पायऱ्या चढत जावं तसा उजेड वाढत जातो आणि वर वाचनालयाची मोठी दालनं लागतात. अंधारातून ज्ञानाकडे जाण्याची कल्पना तशी जुनीच, पण इथे ती गुडघ्यांना कळते.

शहराच्या किल्ल्यावर पायवाटेने चढावं. रेल्वेसारखा पाळणाही आहे. चार ड्रॅगनांचा १९०१ चा पूल मुलांना हमखास आवडतो.

शेवटचा दिवस मात्र शहराभोवतीच्या वाटेसाठी ठेवावा. दुसऱ्या महायुद्धात, फेब्रुवारी १९४२ मध्ये, इटालियन फौजांनी अख्ख्या शहराला काटेरी तारेचं कुंपण घातलं. मे १९४५ पर्यंत ल्युब्लियाना त्या तारेत कोंडलेलं होतं. तार होती तिथून आज सुमारे ३४ किलोमीटरची पायवाट जाते, दुतर्फा हजारो झाडं लावलेली. दर मे महिन्यात शहरातली माणसं घोळक्याने ती चालतात. त्यांत शाळेची मुलं असतात, आजी-आजोबाही असतात. एरवी सकाळी तिथे कोणी धावत असतं, कोणी कुत्र्याला फिरवत असतं.