परदेशातून येणारा पैसा आणि स्विफ्ट कोड

दुबई, दोहा, मस्कत. आपल्या वस्तीतली वेल्डर, फिटर, ड्रायव्हर झालेली मुले तिकडे घाम गाळतात. पगार झाला की फोन येतो, "आई, बँकेचा स्विफ्ट कोड पाठव." इथे माऊली पासबुक उलटसुलट करून पाहते. पासबुकावर असतो तो आय.एफ.एस. कोड. तोही अकरा अक्षरांचाच! तोच कळवला जातो आणि पैसे अडकतात.

आय.एफ.एस. कोडची पाचवी जागा शून्याची असते. तो देशातल्या देशात चालतो. तिकडच्या एक्स्चेंज हाऊसने थेट रुपयांत पैसे पाठवले तर बहुधा तोच पुरतो. पण बँकेतून परकीय चलनात पाठवायचे तर स्विफ्ट कोड हवा.

स्विफ्ट ही १९७३ साली बेल्जियममध्ये स्थापन झालेली बँकांची सहकारी संस्था. ती पैसे नेत नाही, पैशांचा निरोप नेते. तिचा कोड आठ किंवा अकरा अक्षरांचा. स्टेट बँकेचा पाहा: ‘एसबीआयएन’ म्हणजे बँक, ‘आयएन’ म्हणजे भारत, ‘बीबी’ म्हणजे मुंबई. पुढची तीन अक्षरे असलीच तर शाखेची. सर्वच शाखांना स्वतःचा कोड नसतो. म्हणून काउंटरवर स्पष्ट विचारावे, "साहेब, परदेशी पैशासाठी कोणत्या शाखेचा कोड द्यायचा? लिहून द्या." पतसंस्थेतले खाते यासाठी चालत नाही.

बाबासाहेबांचा ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा ग्रंथ १९२३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. रुपयाचा विनिमय हाच त्याचा विषय. त्यांच्या लेकरांनी बँकेच्या खिडकीपुढे बिचकायचे कशाला?

कोड गुप्त नसतो, त्यासाठी एजंटाला पैसे मोजू नयेत. पैसे येण्यासाठी ओटीपी किंवा पिन लागत नाही. मागणारा ठग समजावा. फॉर्मवर ‘आयबॅन’ विचारला तर भारतात तो नाही, खाते क्रमांकच द्यावा. नाव पासबुकाप्रमाणे, अक्षर न अक्षर. आपल्याकडे एकाच घरात कांबळेचे स्पेलिंग तीन तऱ्हांनी असते!

वाटेतल्या बँका आपले शुल्क कापून घेतात, तेव्हा रक्कम थोडी कमी आली म्हणून मुलावर संशय नको. पैसे आलेच नाहीत, तर त्याने तिकडच्या बँकेतून व्यवहाराचा ३६ अक्षरी ‘यूईटीआर’ क्रमांक घ्यावा. त्यावरून पैसे कुठे थांबले ते बँकेला शोधता येते.

हे झाले घरच्या पैशाचे. विहारासाठी परदेशी नागरिकाची देणगी घ्यायची, तर एफ.सी.आर.ए. कायद्याखाली परवानगी आधी लागते, आणि ती रक्कम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्यावी लागते.